मिरचीचा प्रवास

आमच्या घराण्यात सरड्याचे नाव कोणी कधी आदराने घेतल्याचे मला स्मरत नाही. एखाद्याने शब्द फिरविला की तो सरड्यासारखा रंग बदलणारा; एखाद्याची झेप तोकडी पडली की सरड्याची धाव कुंपणापर्यंत! पंचांगात तर पाल अंगावर पडण्याची आणि सरडा अंगावर चढण्याची शुभाशुभ फले चांगली कोष्टक करून छापलेली असत, व आमची आजी ती स्नान करून मगच वाचीत असे. माझ्या भावांची समजूत अशी की, परसातील कुंपणावर बसलेला सरडा मान हलवून आपल्याला वेडावतो. म्हणून त्याला दगड मारण्यात त्यांना मोठा पुरुषार्थ वाटे. अशा संस्कारांत वाढलेल्या मजवर वयाच्या बहात्तराव्या वर्षी एका सरड्याच्या मादीचे बाळंतपण करण्याची पाळी येईल, असे भाकीत एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर मी त्याला दक्षिणासुद्धा दिली नसती.

परंतु तसे झाले खरे. गेल्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते. माझा नातू बाळ अकरा वर्षांचा आहे. त्याच्या खोलीत पलंगाशेजारी जाळीचा एक उंच पिंजरा होता. आत कुंडीतली झाडे, आडव्यातिडव्या काटक्या आणि वर दोन दिवे. त्या पानांत एक हिरवीगार मूर्ती इतकी निश्चल बसलेली असे की, पहिल्या दिवशी मला ती दिसलीच नाही. हा कॅमेलिऑन जातीचा सरडा. मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येकडील डोंगराळ मुलखातला. आपल्या देशातही या कुळातील एक जात रानात आढळते; पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय दिलेले असल्यामुळे ती धरणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. तिकडे मात्र घरातच पैदा केलेले हे येमेनी सरडे रीतसर विकत मिळतात.

बाळने तिचे नाव मिरची ठेवले होते. रंग व स्वभाव या दोन्ही दृष्टींनी ते शोभत होते. शेपटीसह फूटभर लांबी, डोक्यावर हाडाचा टोप, आणि दोन डोळे असे की एक माझ्याकडे पाही व दुसरा त्याच वेळी छताकडे. पायाची बोटे दोन गटांत जुळलेली, चिमट्यासारखी; त्यांनी ती काटकी अशी घट्ट धरी की, जणू जगात तेवढाच आधार तिला उरला आहे. तिच्या आहारासाठी डब्यात रातकिडे ठेवलेले असत व रात्री ते किरकिरत. आमच्या शाकाहारी घरात रामरक्षेच्या वेळी ही साथ प्रथम मला असह्य झाली. पुढे सवय झाली.

मी पिंजऱ्यापाशी गेले की मिरचीचा नूर पालटे. ती आपले अंग दोन्ही बाजूंनी चपटे करी, म्हणजे बाजूने पाहणारास ती दुप्पट मोठी भासे. गळ्याखालची पिशवी फुगवी, डोलू लागे, तोंड वासून फुत्कारे. हिरव्या अंगावर काळसर छटा पसरे.

“काय बाई ही कजाग!” मी एकदा म्हटले.

“आजी, ती रागावलेली नाही. ती भ्यालेली आहे,” बाळ शांतपणे म्हणाला.

आपल्या लाडक्याचे दोष कोणाला दिसतात? मी हसून सोडून दिले.

त्या मुलाचे वाचन मात्र दांडगे होते. त्याने मला सांगितले की, कॅमेलिऑन रंग बदलतो तो पाठीमागच्या पानाशी मिळून जाण्यासाठी, ही आपली समजूत बरीचशी चुकीची आहे. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. ती सैल वा घट्ट झाली की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो व रंग पालटतो. जिनिव्हाच्या विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर प्रयोग करून २०१५ साली हे दाखवून दिले. रंग पालटण्याचे कारणही बहुधा मनाच्या अवस्थेत असते. भय, आव्हान, थंडीची बाधा, पोटातील अंडी, या सर्वांचा डांगोरा तो प्राणी आपल्या अंगावरच पिटतो. हे ऐकून मी विचारात पडले. आपण ज्याला ढोंगाचे प्रतीक ठरविले, त्या बिचाऱ्याला तर काहीच लपविता येत नाही! लपविणारे आपण.

फेब्रुवारी महिन्यात मिरचीचे लक्षण बिघडले. पाच-सहा दिवस ती पिंजऱ्याच्या तळाशी उतरून कोपरे उकरीत होती. अन्न टाकले होते. नंतर उकरणेही थांबले, आणि एका शनिवारी सकाळी ती तळाशीच डोळे मिटून बसलेली आढळली. दिवसाउजेडी कॅमेलिऑनने डोळे मिटून बसणे ही वाईट खूण, असे बाळ म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. मी चष्मा लावून वाकून पाहिले. पोटाच्या दोन्ही बाजूंना कातडीखाली मण्यांसारखे उंचवटे दिसत होते. अंग जवळजवळ काळे पडून त्यावर पिवळे व निळे ठिपके उठले होते. दोन मुलांना जन्म देऊन आणि चार भावजयांची बाळंतपणे काढून मला जे कळले होते, ते तेव्हा एकदम तोंडातून बाहेर पडले.

“अरे, ही अडली आहे!”

“पण आजी, हिला नर कधी दिसलासुद्धा नाही!”

सूनबाईंनी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी माझ्या निदानाला दुजोरा दिला. कोंबडी जशी नराविना अंडी घालते, तशी या जातीची मादीही घालते. एका वेळी वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत. ती पुरण्यासाठी तिला वीतभराहून खोल ओलसर वाळू लागते आणि एकांत लागतो. दोन्ही न मिळाल्यास ती अंडी अडवून धरते व त्यातच प्राणास मुकते. आम्ही तिला वाळू दिलेली नव्हती. नर नाही म्हणजे अंडी नाहीत, या आमच्या शहाणपणाचे फळ ती भोगीत होती. “आजच घेऊन या,” असे त्या म्हणाल्या.

आणावयाचे तर खरे, पण कोणी? दवाखाना पन्नास किलोमीटर दूर. बाहेर पारा शून्याखाली आठ अंश. मुलगा कामानिमित्त परगावी. बर्फावर घसरून बाळचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. सूनबाई गाडी हाकणार. शिवाय त्या प्राण्याला त्यांनी आजवर बोटही लाविलेले नव्हते. राहिले मी.

फळीवरचा डबा काढावा तसा मी सरळ वरून हात घातला. क्षणात ते निपचित पडलेले शरीर ताठ झाले, तोंड वासले, फुत्कार उठला आणि माझ्या तर्जनीत तिचे बारीक दात रुतले. मी किंचाळले.

“आजी, हात ओढू नकोस!” बाळ ओरडला. “ओढलास तर तुझी कातडी फाटेल आणि तिचा जबडा दुखावेल. थांब. ती आपण होऊन सोडील.”

तो क्षण मला फार लांब वाटला. पण तिने सोडले. रक्ताचे दोन थेंब आले. या प्राण्याच्या दंशात विष नसते. साबणाने हात स्वच्छ धुवावे एवढेच. आणि ते दंश नसतानाही धुवावयाचेच असतात, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात.

“वरून येतो तो ससाणा, आजी,” बाळ मला समजावू लागला. “तिच्या लेखी वरून येणारी प्रत्येक वस्तू म्हणजे मरण. तू खालून, समोरून ये. आणि तू तिला धरावयाचे नाहीसच. तू फांदी हो.”

आम्ही पंधरा मिनिटे तिला मुळीच त्रास दिला नाही. तेवढ्यात त्याने माझ्याकडून प्रवासाची सिद्धता करवून घेतली. पुठ्ठ्याचा एक खोका घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंना वाऱ्यासाठी भोके पाडली. तळाशी मऊ पंचा अंथरला आणि तळापासून चार बोटांवर एक काठी आरपार घट्ट बसविली. कारण कॅमेलिऑनच्या मुठीत काही नसले की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि काठी उंच असली तर धक्क्याने पडून त्याचे हाड मोडावयाचे. आत पाण्याची वाटी ठेवावयाची नाही, ती सांडते. रातकिडा ठेवावयाचा नाही, तो दुबळ्या प्राण्यालाच कुरतडतो. हा खोका बर्फाच्या पेटीसारख्या एका जाड पेटीत ठेवला. कडेला कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून अशी बसविली की तिचा खोक्याला स्पर्श होऊ नये. झाकण हवेपुरते किलकिले ठेवले. आत उष्णतामापक ठेवून पारा पंचवीस अंशांच्या आसपास आल्याची खात्री केली. सूनबाईंनी गाडी आधीच सुरू करून आतून तापविली.

मग मी पुन्हा पिंजऱ्यापाशी आले. या वेळी गुडघे टेकून, म्हणजे तिच्याहून उंच दिसू नये. डावा तळहात तिच्या छातीसमोर किंचित खाली आडवा धरला आणि स्वस्थ राहिले. तिने तोंड वासले. मी हलले नाही. एक डोळा माझ्या हातावर फिरला, दुसरा माझ्या तोंडावर. बाळच्या सांगण्यावरून उजव्या हाताचे बोट मी तिच्या शेपटीच्या मुळाशी मागून हलकेच टेकविले. बऱ्याच वेळाने एक पाऊल माझ्या बोटावर आले. ते थंड होते आणि त्याची पकड नवजात मुलाच्या मुठीसारखी होती. मग दुसरे पाऊल. मागचा एक पाय जाळीत अडकला होता. तो ओढला तर नख वा बोट तुटावयाचे, म्हणून एकेक बोट खालून उचलून सोडविले. सगळा भार माझ्या हातावर आला तेव्हा तो किती थोडा होता! एवढ्याशा जिवाने मला पिंजऱ्याबाहेरून महिनाभर दटावून ठेवले होते.

मला त्या वेळी भागवताच्या दशमस्कंधातील नृगराजाची कथा आठवली. सरडा होऊन तो विहिरीत पडलेला. यादवांची मुले कातड्याचे व सुताचे दोर लावून त्याला ओढून ओढून थकली, पण तो निघाला नाही. मग श्रीकृष्णाने येऊन डाव्या हाताने त्याला लीलया वर काढले. लहानपणी कीर्तनात ही कथा मी अनेकदा ऐकली आहे. बुवा दानधर्मातील चुकीचे फळ सांगत. पण दोर का हरले आणि हात का जिंकला, हे मला कोणी सांगितले नव्हते. ते मला एका प्लॅस्टरमधल्या हाताच्या मुलाने शिकविले.

पेटी मागच्या आसनावर पट्ट्याने बांधली. बाळने बजावले की वाटेत कोणीही झाकण उघडून पाहावयाचे नाही, गाणे लावावयाचे नाही. अंधार हेच तिचे पांघरूण. पाऊण-एक तासाचा तो प्रवास आम्ही जवळजवळ मुक्याने केला. बाहेर पांढरे रान पळत होते आणि माझा हात पेटीवर होता. आणि त्या शांततेत मला एकसष्ट सालचा आषाढ दिसू लागला.

मी आठ वर्षांची होते. कोकणातले आमचे माहेरचे घर, माणसांनी भरलेले. माझी धाकटी काकू पहिलटकरीण होती आणि दोन दिवस अडली होती. नदीला पूर. शेवटी तिला डोलीत घालून तालुक्याच्या गावी न्यावयाचे ठरले. मला आठवते ते एवढेच की, चार बायका एकदम तिच्यावर वाकल्या होत्या, कोणी हात धरीत होती, कोणी पाय, सगळ्या एकाच वेळी ओरडत होत्या. आणि काकूने सुईणीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. “काय बाई कजाग!” कोणी तरी म्हणाले. डोली पावसात निघून गेली. महिन्याने काकू परतली, एकटीच. मूल गेले होते. त्याविषयी घरात पुन्हा कोणी अवाक्षर काढले नाही. राहिली ती फक्त चाव्याची गोष्ट. ती लग्नकार्यांत हसत हसत सांगितली जाई. पुढे काकूला मूल झाले नाही. ती फटकळ झाली, कोणी जवळ गेले की तोडून बोलू लागली, आणि आम्ही म्हणू लागलो, “मुळातच तसा स्वभाव!” माझ्या भावजया घरात आल्या तेव्हा प्रत्येकीच्या कानात मीच सांगितले आहे: “काकूच्या वाटेस जाऊ नकोस हो.”

दवाखान्यात क्ष-किरणांच्या छायाचित्रात अंडी स्पष्ट दिसली, एकावर एक, दाटीने. वाट मोकळी होती, कोठे अडथळा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सलाइन दिले, कॅल्शियम दिले आणि सांगितले, “हिला आता वाळू द्या आणि एकटी सोडा. दोन दिवसांत काही झाले नाही तर शस्त्रक्रिया करावी लागेल.” जसे नेले तसेच आम्ही तिला परत आणले. एका मोठ्या बादलीत ओल्या वाळूचा थर भरून ती पिंजऱ्यात ठेविली आणि पिंजऱ्याला चोहोंकडून चादर लाविली. कोणी डोकावले असे तिला कळले तर ती खणणे अर्धवट सोडते, म्हणून बाळ त्या रात्री दिवाणखान्यात माझ्याजवळ निजला. दाराशी जाऊन कान देण्याची मात्र त्याने स्वतःला सवलत घेतली होती.

सोमवारी सकाळी चादर बाजूला केली. मिरची वरच्या काटकीवर दिव्याखाली बसली होती. पोट खपाटीला गेलेले, नाकाला वाळू लागलेली आणि रंग पुन्हा हिरवा. वाळू सारखी दाबून टाकलेली होती. खणून पाहिले तर चौतीस अंडी निघाली. बाळने पानांवर पाण्याचा फवारा उडविला. ती कितीतरी वेळ एकेक थेंब टिपून पीत राहिली. मी जवळ गेले, तेव्हा तिने सवयीप्रमाणे गळा फुगविला. “बरं बाई,” मी म्हटले आणि दोन पावले मागे सरले.

एप्रिलमध्ये मी परत आले. काकू आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे; पुण्यास माझ्या धाकट्या भावाकडे असते. मी भेटावयास गेले. इतकी वर्षे मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहून, “कशी आहेस काकू?” असे विचारीत असे व उत्तराची वाट न पाहता आत स्वयंपाकघरात जात असे. त्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ खाली जमिनीवर बसले.

“कशाला आलीस? काय हवंय?” ती फणकारली.

मी काही बोलले नाही. हात तिच्या हातापाशी पांघरुणावर ठेवला आणि बसून राहिले. बाहेर भावजयीची कुकरची शिट्टी झाली, कोणी मला चहाला हाक मारली. मी उठले नाही. बऱ्याच वेळाने तिची बोटे माझ्या बोटांवर आली. फार हलकी होती.

“मुलगी होती ती,” काकू म्हणाली. “तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही कधी.”

मी हात तेथेच ठेवला.